उन्हाळी सुट्टीत पोरांना घरी काय द्यावं? शिधा, डबा की आणखी काही?

माळरान | १० एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही मदत मागायला.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला. गावातले आम्ही सात-आठ जण दिवाळीला फराळ, जूनमध्ये वह्या असं काहीबाही वाटत असतो. संस्था वगैरे नाही, व्हॉट्सॲपवरचा गट आहे, बस.

गेल्या मे महिन्यात अंगणवाडीसमोरून जाताना पायरीवर एक आठेक वर्षांची पोरगी बसलेली दिसली. आत तिचा धाकटा भाऊ जेवत होता. तो वाटी घेऊन बाहेर आला, दोन घास त्याने खाल्ले आणि उरलेली वाटी तिच्या हातात दिली. सेविकाताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "रोजचंच आहे दादा. तिची शाळा बंद, आमचं चालू."

घरी येऊन २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा काढून वाचला. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांना अंगणवाडीतून आहार. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत रोज एक वेळचं मोफत जेवण, 'शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून'. म्हणजे पोटाला सुट्टी आहे हे कायद्यानेच गृहीत धरलंय. दुष्काळ जाहीर झाला तर गोष्ट वेगळी. २० एप्रिल २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या. पण पाऊस बरा झाला की तो आदेश लागू होत नाही, आणि आमच्याकडे बऱ्या पावसाच्या वर्षीही मेमध्ये टँकर येतोच.

आमच्या गावात पहिली ते आठवीची ५८ मुलं ऊसतोड मजुरांच्या घरची आहेत. आईबाप मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यावरून परत येतात. उचल (मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम) केव्हाच फिटलेली किंवा अंगावर राहिलेली असते, आणि नवीन उचल पावसाळ्यात. मधले हे दोन-तीन महिने रोज मिळेल ते काम करायचं: कांदा काढणी, पऱ्हाट्या उपटणं, विहिरीचं काम. सकाळी सहाला घर सुटतं. पोरांच्या वाट्याला रात्रीची भाकर आणि ठेचा, तोही थोरल्या बहिणीने वाढला तर.

यंदा २ मे ते १५ जून या काळात काहीतरी करायचं ठरवलंय. पैसे मर्यादित आहेत, पण आहेत. प्रश्न असा की शाळेत शिजवून बसवून वाढावं, का घरी न्यायला द्यावं? घरी दिलं तर काय द्यावं? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

पाटीपेन्सिल | १० एप्रिल, रात्री १०:५५

चांगला धागा. मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, जालना जिल्हा.

शिजवून वाढण्याचा अनुभव ताजा आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, नंतर हजारावर महसूल मंडळं त्यात आली. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीतही खिचडी शिजवली. पटावर ९२ मुलं. पहिल्या दिवशी ४० आली, दुसऱ्या आठवड्यात १५-१८. वरून प्रश्न असा की मुलं का येत नाहीत? अहो, ४२ डिग्रीत दुपारी बारा वाजता दीड किलोमीटरवरच्या वस्तीवरून पोरगं अनवाणी येईल का? सकाळी आठला वाढायला लागलो तेव्हा आकडा जरा वर गेला. तरी वस्तीवरची पोरं नाहीच आली. आली ती शाळेच्या आजूबाजूची.

दुसरी अडचण मावशींची. स्वयंपाकी मदतनीसांचं मानधन वर्षातल्या दहाच महिन्यांचं धरलेलं असतं. मेमध्ये चूल पेटवायची ती कोणाच्या जिवावर?

---

खवचट_काका | १० एप्रिल, रात्री ११:१०

प्रश्न विचारतो, राग मानू नका. आईबाप काय करतात? आमच्या वेळी सुट्टी लागली की पोरं मामाच्या गावाला जायची. आंबे खायची. सगळं सरकारने आणि गावाने द्यायचं म्हटल्यावर संपलंच.

---

माळरान | १० एप्रिल, रात्री ११:२५

काका, मामाही टँकरच्या त्याच रांगेत उभा आहे.

---

बोरीबाभळी | ११ एप्रिल, सकाळी ७:१५

ह्या धाग्यावर भांडणं पेटण्याआधी माझी एक आठवण सांगतो.

घरी न्यायचा आहार आपल्याकडे नवीन नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना आली तेव्हा शिजवणं कुठेच नव्हतं (तमिळनाडू, गुजरातसारखी राज्यं सोडा, त्यांचं आधीपासून होतं). आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा आणि त्याला ८० टक्के हजेरीची अट होती. मी तेव्हा तिसरीत. गुरुजी तेलाच्या रिकाम्या डब्याने मापून द्यायचे. मी दप्तरातली पुस्तकं मित्राच्या दप्तरात कोंबून माझ्या दप्तरातून तांदूळ न्यायचो, कारण पिशवी न्यायची लाज वाटायची.

आमचं घर ज्वारी खाणारं. तांदूळ म्हणजे सणाची, पाहुण्यारावळ्यांची चीज. त्यामुळे तो तीन किलो तांदूळ माझ्या ताटात कधी आलाच नाही. आई तो उतरंडीत ठेवायची आणि कोणी आलं की काढायची. एकदा आत्याच्या बाळंतपणात महिन्याचा सगळा तांदूळ गेला. चोरी नाही, लबाडी नाही. घरात आलेलं धान्य घराचं होतं, पोराचं राहत नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच द्या असं सांगितलं, त्याच्यामागे हेही एक कारण होतं. राज्यांना ते अमलात आणायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. आता तुम्ही परत १९९५ ला निघालात की काय, अशी शंका आली म्हणून हे लिहिलं.

---

पाटीपेन्सिल | ११ एप्रिल, सकाळी ७:५०

बोरीबाभळी, +१. आणि पैसे दिले तर काय होतं तेही बघितलंय. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनात, सुट्टीच्या ३५ दिवसांचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचं ठरलं. पाचवीपर्यंत १५६ रुपये, सहावी ते आठवी २३४. पूर्ण सुट्टीचे! त्यासाठी मुलाच्या नावाने बँकखातं हवं. खातं उघडायला तालुक्याला दोन खेपा, बापाची मजुरी बुडाली, आणि काही ठिकाणी हजार रुपये शिल्लक ठेवा म्हणाले. एक आजोबा माझ्यासमोर कागद घडी करून खिशात घालत म्हणाले, "गुरुजी, ह्या दीडशेचं तुम्हीच च्या पाणी करा."

---

सेविका_ताई | ११ एप्रिल, दुपारी २:३०

मी अंगणवाडीत आहे, २२ वर्षं झाली. माळरानदादांनी पायरीवरच्या पोरीचं लिहिलं, ते माझ्या अंगणवाडीतही आहे. सगळीकडे आहे. मेमध्ये मी आणि मदतनीस आळीपाळीने सुट्टी घेतो, अंगणवाडी बंद नसते. मोठी भावंडं धाकट्याला "सोडायला" म्हणून येतात आणि दाराशी रेंगाळतात. पटावर नाव नाही म्हणून त्यांना वाटी देता येत नाही. मग मी काय करते ते इथे लिहीत नाही.

घरी न्यायच्या आहाराचं म्हणाल, तर तीन वर्षांखालच्या बाळांना आम्ही तेच देतो. मधल्या काळात शिरा, उपमा, सुकडीची पाकिटं यायची. ती बाळांनी किती खाल्ली आणि म्हशींनी किती, हे गावाला माहीत आहे. का? चव नाही. आणि आईला ते आपलं अन्न वाटतच नव्हतं, सरकारी पावडर वाटायची. कोरोनात मसूर डाळ, हरभरा, गहू, तिखट, हळद असा शिधा आला तेव्हा एक दाणा म्हशीला गेला नाही. पण तोही सगळ्या घराने खाल्ला, बोरीबाभळी म्हणतात तसाच.

म्हणून सांगते, जे द्याल ते ओळखीचं द्या, आणि चूल न पेटवता पोराला स्वतःच्या हाताने खाता येईल असं द्या. आई घरी नसते हे विसरू नका.

---

तेंदूपान | ११ एप्रिल, रात्री ८:०५

गडचिरोलीकडून. आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे चारला अख्खं घर जंगलात, सात-आठ वर्षांची पोरंसुद्धा. दुपारी घरी येऊन ७०-७० पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर (पानं विकत घेतात त्या जागी) मोजून द्यायचे. वर्षातला हाच नगद पैसा, त्यामुळे पोराला घरी ठेवून जाणारा वेडा ठरेल. अशात शाळेत खिचडी शिजवली तर ती मास्तर आणि कुत्रे खातील.

पोरं जंगलात उपाशी नसतात हेही खरं. टेंभरं, चारं, मोह काही ना काही चालू असतं. पण दुपारचं जेवण म्हणाल तर आंबील, तीही पातळ.

एक वर्ष आम्ही काही जणांनी फळीवरच गूळ-शेंगदाणे वाटले. पुडे मोजायला बापासोबत पोरं येतातच, तिथेच ओंजळभर हातात द्यायचं. तो हंगाम पंधरा दिवसांचा असतो, त्यामुळे पेलवलं. तुमच्याकडे पोरं रोज आपसूक कुठे जमतात ते शोधा. तिथे जा, त्यांना बोलावू नका.

---

नेब्रास्काकर | १२ एप्रिल, सकाळी ६:२०

अवांतर वाटेल, पण अगदी हाच वाद इथे अमेरिकेत पन्नास वर्षं चालला. मी नेब्रास्कातल्या एका लहान गावात राहतो, चहूकडे मका आणि सोयाबीन. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की मुलांना मोफत जेवण देणारी सरकारी योजना १९७५ पासून आहे, पण नियम असा की मुलाने तिथेच बसून खायचं. घरी न्यायला मनाई. कारण तेच, घरच्यांनी खाल्लं तर! शहरात ते चालून जायचं. खेड्यात एक घर इथे, दुसरं पाच मैलांवर. गाडी असलेला बाप कामावर. मग जेवण तयार आणि खाणारं कोणी नाही, पाटीपेन्सिल सरांच्या शाळेसारखंच.

कोरोनात नियम सैल केला आणि खेड्यांत जेवण घेणाऱ्या मुलांची संख्या वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये कायदाच बदलला. आता ग्रामीण भागात डबे घरी नेता येतात, एका वेळी दहा दिवसांचेसुद्धा. आमच्या गावात ग्रंथालयाच्या मागच्या दाराशी गाड्या लागतात, डिकी उघडायची, खोकं आत. दूध, सफरचंद, ब्रेड, चीज.

शिवाय २०२४ पासून उन्हाळ्यासाठी मुलामागे १२० डॉलर किराण्याच्या कार्डावर मिळतात. आमच्या राज्यपालांनी ते आधी नाकारले होते, मुलांशी बोलल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मत बदललं. शेजारच्या आयोवाने त्या वर्षी घेतलेच नाहीत. खवचट काका, तुमचे विचार तिथे फार लोकप्रिय आहेत.

---

खवचट_काका | १२ एप्रिल, सकाळी ९:००

आयोवाला जातो मग. जाण्याआधी एक सांगतो. मी किराणा दुकान ३१ वर्षं चालवलं. शेंगदाणे एकदम घेऊ नका. मेमधल्या पत्र्याच्या खोलीत कुबट होतात. काळपट, बुरशीचा दाणा एक जरी दिसला तरी पोतं परत करायचं, निवडत बसायचं नाही. भाजून दिले तर आठवडाभर उत्तम राहतात. चिक्की देऊ नका, ह्या उन्हात पाघळते आणि कागद खावा लागतो.

---

सातूवाली | १२ एप्रिल, सकाळी ११:४०

आहारशास्त्र शिकवते, माहेर परभणीचं.

सेविकाताईंचं वाक्य धरून बोलते. ओळखीचं, चूल नको, पोराने स्वतः खायचं. मग सातूचं पीठ का नाही? गहू भाजायचे, त्यात डाळवं आणि थोडं जिरं-सुंठ घालून दळून आणायचं. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात न्याहारीच ही असायची, अक्षय्य तृतीयेला तर हमखास.

हिशोब सांगते. शाळेच्या आहाराचं माप पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं आहे, सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २०. गहू आणि डाळवं निम्मं-निम्मं धरून ६० ग्रॅम सातू, ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, २० ग्रॅम गूळ घेतला तर साडेचारशेच्या आसपास उष्मांक होतात, प्रथिनं पंधराच्या वर जातात. म्हणजे लहान मुलांचं माप चूल न पेटवता भरतं. मोठ्यांना दीडपट द्या. भाजी नाही, हे उणं आहेच. लिंबू देता आलं तर बघा.

सहा दिवसांचं पुडकं म्हणजे ३६० ग्रॅम सातू, १८० ग्रॅम दाणे, १२० ग्रॅम गूळ. ५८ मुलांना आठवड्याला साधारण २१ किलो पीठ, साडेदहा किलो दाणे, सात किलो गूळ. मोठ्यांचं दीडपट धरा म्हणजे थोडं वाढेल.

---

बोरीबाभळी | १२ एप्रिल, दुपारी १२:३०

सातू वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण पाणी कुठलं? टँकरचं. शिजवलेल्या खिचडीत पाणी उकळलेलं असतं, सातूत कच्चं जाणार. विहिरीचा तळ उपसून आणलेलं ते पाणी पोराने थेट पिठात घातलं तर पोषण बाजूला आणि जुलाब सुरू. मेमध्ये आमच्या आरोग्य उपकेंद्रात अर्धी रांग त्याचीच असते.

---

सातूवाली | १२ एप्रिल, दुपारी १:१०

बरोबर पकडलंत. पुडक्यासोबत घराला मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या औषधाची) बाटली द्या, आशाताईंकडे असते बहुतेक. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हा घोटाळा सगळीकडे आहे. दुसरा उपाय, सातूचे लाडूच वळून द्यायचे. तूप परवडणार नाही, पण गुळाचा पाक करून वळता येतात, दाण्याचं कूट त्यातच. कोरडे असतील तर आठवडा टिकतात. लाडू आला की पाण्याचा प्रश्नच नाही. आणि लाडू पोराच्या हातातला असतो, तो उतरंडीत जात नाही.

---

अंडाकरी | १२ एप्रिल, रात्री १०:२०

सगळे शेंगदाण्यावर अडकलेत. एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, कवचासकट हातात द्या, भेसळ नाही, कुबट होणं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून शाळांत आठवड्याला एक अंडं सुरू झालंच होतं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या पोरांना आठवड्यातून चारदा अंडं किंवा केळी मिळतात. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०१६ च्या निकालात दुष्काळी राज्यांत अंडं किंवा दूध द्या म्हटलं होतं. (तो निकाल १३ मे ला आला, तोवर सुट्टी लागून गेली होती, हा भाग वेगळा.)

---

माळरान | १२ एप्रिल, रात्री ११:००

अंडाकरी, मला वैयक्तिक पटतं. पण आमच्या गावात दर तिसरं घर माळकरी, आणि भगवानगडाचं देवस्थान जवळ. अंडं वाटायला घेतलं तर पहिल्याच दिवशी ५८ चे ३० होतील, आणि उरलेल्या २८ पोरांना कोणी मनाई केली हे शोधण्यात महिना जाईल. शिवाय उकडलेलं अंडं ह्या उन्हात संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही, तिथल्या तिथे खायला लावावं लागेल. म्हणजे पुन्हा बसवून वाढणं आलं.

तेंदूपान यांचा प्रश्न डोक्यात आहे. पोरं आपसूक कुठे जमतात? दूध डेअरीवर! सकाळी साडेसहाला किटल्या घेऊन पोरंच येतात. तिथेच वाटप करावं असं वाटतंय.

---

सेविका_ताई | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

दादा, डेअरीवर किटली घेऊन कोण येतं? ज्याच्या दारात गाय आहे ते पोर. ज्याच्या दारात काहीच नाही ते डेअरीकडे कशाला फिरकेल?

---

माळरान | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

ताई, गप्प झालो. खरंय.

---

विटभट्टी_पालघर | १३ एप्रिल, दुपारी ४:१५

वाचतोय. फक्त एवढंच सांगतो की जव्हार-मोखाड्याची कितीतरी पोरं मेमध्ये गावातच नसतात, भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर असतात. गावाच्या यादीवरून वाटप केलं की ती सुटतात, भट्टीजवळच्या शाळेच्या यादीत ती नसतातच. तुमच्याकडे उलट आहे, पोरं मेमध्ये परत आलेली असतात, पण सहा महिने गैरहजर म्हणून काहींची नावं पटावर पक्की नसतील. शाळेची यादी घेऊन बसू नका.

---

पाटीपेन्सिल | १३ एप्रिल, रात्री ९:३०

हा मुद्दा महत्त्वाचा. आणि यादी आठवीला संपते हेही लक्षात घ्या. नववी-दहावीची पोरगी, जी घरी राहून भावंडांना भाकरी थापते, तिचं नाव कुठल्याच योजनेत नाही. लाडू तिच्या हातात देणार, ती वाटणार, आणि स्वतः डबा झाकून ठेवणार.

केरळने २०२३ मध्ये सुट्टीआधी मुलामागे पाच किलो तांदूळ घरी दिला होता. पाच किलो म्हणजे घराला जाणारच, हे मान्य करूनच दिलेलं माप आहे ते. मला वाटतं आपण सगळे इथे 'घरच्यांनी खाल्लं तर' ह्या भीतीने उपाय शोधतोय. घरचे खाणारच. चार पोरं आणि एक आजी असलेल्या घरात दोन पोरांच्या नावाचे लाडू गेले, तर ते पाच जणांत होणार. लाडू लपवून खा असं आपण पोराला शिकवणार आहोत का? माणसं मोजा, मग पुडकी करा. पैसे कमी पडले तर दिवस कमी करा, घरं नको.

---

खवचट_काका | १३ एप्रिल, रात्री १०:००

सहा आठवड्यांऐवजी चार करा, पण भरपेट करा, असं म्हणताय. दुकानदार म्हणून पटतं. माप मारलं की गिऱ्हाईक जातं.

---

माळरान | २० एप्रिल, रात्री ९:१५

गटाची बैठक झाली. आठवडाभर इथलं वाचून दाखवत होतो सगळ्यांना.

ठरलं ते असं. लाडू. सातू, दाण्याचं कूट, गुळाचा पाक. शिवाय भाजलेले दाणे सुटे. चार आठवडे, ५ मेपासून, दर सोमवारी आणि गुरुवारी, म्हणजे एका वेळी तीन-चार दिवसांचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गावात हरिनाम सप्ताह आहे, सात दिवस पंगत असते, तेव्हा वाटप बंद ठेवून ते दिवस पुढे ढकलायचे. (हे सुचलं ते आमच्या गटातल्या सर्वांत लहान पोराला. "सप्त्यात कोण लाडू खातंय," म्हणाला.)

वाटप कुठे, तर शाळेतल्या खिचडीवाल्या मावशीच्या घरून. तिचं घर वस्तीच्या रस्त्यावर आहे, पोरं तिला ओळखतात, आणि कुठल्या घरात किती तोंडं हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. लाडू वळायला ती आणि आणखी दोघी, रोजंदारीने. फुकट नाही, हे आधीच ठरवून घेतलं.

तिच्यासोबत बसून यादी केली. ५८ ची ७९ झाली. अकरा नववी-दहावीच्या मुली, सहा पटावर नसलेली पोरं, आणि चार अशी की जी मला गावात राहतात हेच माहीत नव्हतं. माझ्या घरापासून दोनशे पावलांवर.

---

सातूवाली | २० एप्रिल, रात्री ९:४५

छान. पाक एकतारीच्या पुढे नेऊ नका, दगड होतील, लहान पोरांच्या दातांना चावणार नाहीत. गहू मंद आचेवर भाजा, करपले तर सगळं कडू.

---

माळरान | १५ मे, रात्री १०:०५

अपडेट देतो, उशीर झाला.

तीन वाटपं झाली. पहिल्यांदा लाडू कडक झाले. सातूवालीताईंनी सांगूनही. पोरांनी दगडाने फोडून खाल्ले आणि त्यांना तेच जास्त आवडलं, त्यामुळे मावशी म्हणते असेच करायचे. मी विरोध केला. सध्या निम्मे कडक, निम्मे मऊ.

मुंग्यांनी दुसरं वाटप खाल्लं, म्हणजे दोन डबे. आता परात पाण्यात ठेवून त्यात डबे.

घरचे खातात का? खातात. एक म्हातारबा स्वतः येऊन म्हणाले की दात नाहीत, मऊ वाले पाठवा. पाठवतो. पायरीवरची पोरगी, जिच्यावरून हे सुरू झालं, ती पहिल्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन आली आणि त्याच्या वाट्याचंही मागितलं. तो अंगणवाडीत जेवतो, तरी दिलं. गेल्या वर्षीची परतफेड म्हणू.

वस्तीवरचे दोन मुलगे तिसऱ्या वाटपाला आले नाहीत. मावशीने त्यांच्या बापाला विचारलं, तर तो कामासाठी नगरकडे गेला आणि पोरांना घेऊन गेला. त्यांचे लाडू काय करायचे ह्यावर आमच्यात वाद आहे. मावशीने ठेवून दिलेत.

गूळ पुरेल. दाणे शेवटच्या आठवड्याला कमी पडतील, साधारण आठ किलो.

---

खवचट_काका | १५ मे, रात्री १०:२०

दहा किलो पाठवतो. निवडलेले, भाजलेले. एसटीने टाकू का?

---

माळरान | १५ मे, रात्री १०:२५

काका, टाका. पार्सलवर शिरूर कासार स्टँड लिहा, मी उतरवून घेतो. सप्त्यानंतरचं पहिलं वाटप सोमवारी आहे, त्यामुळे रविवारच्या आत पोचलं तर बरं.

---

खवचट_काका | १५ मे, रात्री १०:३१

उद्या दुपारच्या गाडीला देतो. पोतं उघडल्यावर आधी वास घ्या.